पोचू गाईडचे रिकामे फुगे

मूल, २ सप्टेंबर २०२४

मुखरू गुरुजी,

जय भीम. मी प्रफुल, तुमच्या धाकट्या बहिणीचा, अंजनाचा नवरा. ओळख आधीच देऊन टाकतो, नाहीतर हे छापखान्याचं पाकीट बघून तुम्ही जाहिरात समजाल आणि त्यावर चहाचा कप ठेवाल. गडचांदूरला फोन लावला की तुमचा राजदीप उचलतो आणि "बाबा झोपले हायेत" म्हणतो. सकाळी अकरा वाजता? तेहेतीस वर्षं ज्यांनी चौथीच्या वर्गात कुणाची पापणी मिटू दिली नाही ते गुरुजी? म्हणून आता पत्र. पत्र हातात पडल्यावर वाचायचं नाही हे तुम्हाला जमणार नाही, मला ठाऊक आहे.

आपला चित्रकार देवाजी गेल्याचं अंजनाने तुम्हाला कळवलं, तेव्हा तुम्ही "बरं" एवढंच म्हणालात. ठीक आहे. अकरा वर्षांचा अबोला एका फोनने कसा सुटेल? पण तुमचं काय हुकलं ते मी सांगणारच.

११ ऑगस्टला चहा पिऊन, कप धुऊन उपडा घालून, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. एकटा माणूस, मला वाटलं होतं अंत्ययात्रेला आम्ही दहा-वीस जण असू. अहो, गुरुजी, शाळा सुटल्यासारखी पोरं आली. आणि पोरांचे बाप, जे तुमच्या वर्गात होते, तेही आले. बहुतेकांच्या हातात तुमच्या चित्रकथेचे, 'पोचू गाईड'चे जुने अंक. पानं सुटलेले, डाळीचे डाग पडलेले, एकाला तर चक्क पुठ्ठ्याचं कव्हर शिवलेलं. वाघाला घाबरणारा एक गाईड मोहर्लीच्या जंगलाच्या गेटवर उभा राहतो आणि पर्यटकांना बरोबर वाघ नसेल तिकडेच नेतो, एवढ्याशा गोष्टीवर तुम्ही दोघांनी किती वर्षं काढली. भाजीवाल्या रुखमाबाईची नात माझा सदरा ओढून विचारते, "आबा, आता चित्रात वाघ कोन लपवन?" मी तिथे रडलो. कबूल करतो. प्रत्येक चित्रात कुठेतरी वाघ लपवायचा ही खोडी देवाजीचीच, आणि प्रत्येक अंकात तो पहिल्यांदा शोधायचा मान माझा. सव्वीस अंकांत एकही वाघ माझ्या नजरेतून सुटलेला नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तर कहरच झाला. भंतेजींनी दोन शब्द बोला म्हटलं, तर गोपाल चहावाला उठून सांगू लागला, वनखात्याने देवाजीकडून 'सावधान, वाघाचा वावर' असा बोर्ड रंगवून घेतला, तो वाघ इतका हसरा निघाला की लोक तिथे गाड्या थांबवून फोटो काढायला लागले. मग वडसाच्या नाटक कंपनीच्या पडद्याची गोष्ट निघाली. राजमहालाच्या पडद्यात याने वाघ लपवला होता. हिरोईन रडून रडून अर्धी झाली आणि अख्खं झाडीपट्टीचं पब्लिक तिच्या डोक्यावरून वाघ शोधतंय. भंतेजी हसू दाबता दाबता खोकायला लागले. असा निरोप मला मिळाला तर मी उद्या जायला तयार आहे.

आता कामाचं. देवाजीच्या टेबलाच्या खणात नवा अंक सापडला. सत्ताविसावा. बत्तीस पानं, ट्रेसिंगच्या कागदावर शाईने पक्की केलेली, अगदी छपाईच्या प्लेटवर चढवायला तयार. वर त्याच्या अक्षरात नाव: 'दात परत'.

आणि गुरुजी, या अंकात फुगे आहेत.

तुम्ही पोचू सोडल्यावर त्याने बोलण्याचा एकही फुगा काढला नव्हता. दहा वर्षं पोचू मुका धावत होता, आणि वाचणारे आपापल्या मनाने बोलणं घालत होते. चित्रं देवाजीची, शब्द गुरुजींचे, हा तुमचा करार त्याने तुमच्या माघारी पाळला. आता पुन्हा फुगे काढले आहेत. सगळे रिकामे. कोणासाठी ते मी लिहायची गरज नाही.

दिवाळीनंतरच्या आपल्या जत्रेला, म्हणजे मंडईला, १० नोव्हेंबरला अंक आला पाहिजे. एकही मंडई पोचूशिवाय झालेली नाही. झेरॉक्स पाठवू का?

पेनातली शाई संपली म्हणून शेवटच्या चार ओळी कानावरच्या पेन्सिलने लिहिल्या आहेत. ती अजून तिथेच असते. अंजना म्हणते, झोपताना तरी काढा.

तुमचा,
प्रफुल


मूल, २० सप्टेंबर २०२४

गुरुजी,

उत्तर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुमचा तर सुंभही अजून शाबूत आहे. पण "नाही" असंही आलेलं नाही, तेव्हा झेरॉक्स पाठवतो आहे. सोबत तुमच्या आवडीची बारीक निबाची पेनं, दोन.

गोष्ट तुम्हाला चित्रांवरून कळेलच. सोळाव्या अंकात माकडाने पळवलेली दाताची कवळी शोधायला पोचू जंगलात शिरतो. वाघाच्या भीतीने मोहाच्या झाडावर चढतो, वर मधमाश्या. खाली उतरतो, खाली अस्वल. शेवटी एकतीस पानावर ते चोर माकड स्वतःच येतं आणि दोन्ही हातांनी कवळी पुढे करतं. समोर उभे आहात तुम्ही. गोल चष्मा, त्याच्या एका काडीला बांधलेला दोरा, आणि मागे सदऱ्याच्या कॉलरला अडकवलेली छत्री. हो, तुम्हीच. पण काय रुबाबात काढलं आहे देवाजीने. सोळाव्या अंकात जे झालं त्याची भरपाईच समजा.

त्या अंकाबद्दल मी आजवर तुमच्याशी बोललो नाही. आता माणूसच गेला, तर बोलून टाकू. मोहर्लीला शाळेची सहल गेली होती. तुम्ही हातपंपावर कवळी धुऊन रुमालावर ठेवली आणि माकडाने नेली. बघायला फक्त देवाजी आणि मी. तुम्ही आम्हाला शपथ घातली होती. पुढे गमतीत तुम्हीच देवाजीला म्हणालात, घे अंकात, पण मी ओळखू येता कामा नये. त्याने नागपूरचा एक जाडा पर्यटक काढला, फुगे तुम्ही भरले. आणि छापून अंक आला तेव्हा त्या जाड्याच्या नाकावर तुमचा चष्मा होता आणि कॉलरला तुमची छत्री. त्याच महिन्यात तुमचा निरोप समारंभ. पोरांनी तोंडावर हात धरून "गुलुजी, गुलुजी" केलं. तुम्ही भाषण न करता उतरलात, सरळ देवाजीच्या घरी गेलात, आणि तो म्हणाला, "हो, म्याच काढलं." त्यानंतर तुम्ही त्याचं नाव घेतलं नाही.

असो. जुनी गोष्ट.

एक छापखान्याची अडचण विचारतो. एकतीस पानावरच्या माकडाच्या कानामागे देवाजीने उगाच एक काडी खोचली आहे, आणि पोटावर काळा डाग पडला आहे. म्हातारपणी हात कापत होता, रेघ निसटली असेल, शाई सांडली असेल. प्लेट करायच्या आधी मी ते खरवडून साफ करीन म्हणतो. तुमची हरकत नसावी.

प्रफुल


मूल, ९ ऑक्टोबर २०२४

गुरुजी,

पेनं परत आली नाहीत, याचा अर्थ मी चांगला घेतो आहे.

इथे वेगळाच धंदा सुरू झाला. पानांची एक प्रत मी प्रेसमध्ये दोरीवर चिमटे लावून टांगली. गावाला खबर लागली की देवाजीने जाता जाता सगळ्यांना अंकात घेतलं आहे. झालं. रोज प्रेसमध्ये बाजार. नऊ पानावर भाजीची टोपली घेऊन पोचूवर ओरडणारी बाई म्हणजे आपली रुखमाबाई, हे कुणाला सांगावं लागत नाही. ती कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी.

"माया फुग्यात काय लिवतेस?"

"मी नाई लिवत. गुरुजी लिवतीन."

"त्याईले सांग, मी शिव्या नाई देत. मी समजावून सांगतो."

मागे उभे असलेले अकरा जण एकदम खोकले. रुखमाबाईने वळून त्यांना जे समजावून सांगितलं ते फुग्यात मावणार नाही.

गोपालला त्याच्या चहात पाणी कमी दाखवायचं आहे. पत्रू कंडक्टरची तक्रार अशी की एसटी एवढी वाकडी नसते. म्हटलं, मूल ते सावलीच्या रस्त्याने जाऊन बघा. प्रत्येकाला आपापला फुगा स्वतः भरायचा आहे, आणि मी दारात पट्टी घेऊन उभा. गुरुजींशिवाय पोचूच्या तोंडी कोणी शब्द घालणार नाही, हे मी गावाला सांगून बसलो आहे. आता माझी लाज तुमच्या हातात.

एक कळत नाही. एकतीस पानाशी आले की सगळे हसतात. देवाजीचं माकड आहेच तसं, पण लोक आधी माकड बघतात, मग मला बघतात, आणि मग हसतात. अंजना तर भाकरी थापता थापता हसत सुटते. मी विचारलं तर म्हणते, "काई नाई, तुमी वाघ शोधा." त्या पानावरचा वाघ मी पहिल्याच दिवशी शोधला. तुमच्या छत्रीच्या घडीत आहे.

तीन ओळी तरी लिहा.

प्रफुल


मूल, २१ ऑक्टोबर २०२४

गुरुजी,

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. तीन फाडली.

सोळा तारखेला मी आणि अंजना चांद्याला दीक्षाभूमीवर आलो होतो. तुम्ही दरवर्षी येता, म्हणून मुद्दाम शोधत होतो. एवढ्या गर्दीत पुस्तकांच्या स्टॉलपाशी मला आधी छत्री दिसली. निळ्या सदऱ्याच्या कॉलरला लटकलेली. तुम्ही पाठमोरे एक पुस्तक चाळत होता. वीस पावलांवर. हाक मारली असती तर वळला असता. आणि मी काय केलं? कॅलेंडरच्या स्टॉलमागे लपलो. बासष्ट वर्षांचा माणूस, कॅलेंडरांच्या आड बसून तुमची छत्री दिसेनाशी व्हायची वाट बघत होता. त्या क्षणी मला कळलं की देवाजीने पोचू कोणावरून काढला.

तुम्हाला बघून मी लपलो, कारण तो चष्मा मी काढला होता. छत्रीही मीच.

देवाजीने जाडा पर्यटकच काढला होता. पानं तुमच्याकडून प्रेसमध्ये आली. प्लेट करण्याआधी मी ट्रेसिंग दिव्यासमोर धरलं आणि त्या जाड्याकडे बघता बघता मला तुम्ही हातपंपापाशी "माये दात, माये दात" करत धावताना आठवलात. हसू आवरेना. हातात काळं पेन होतं. दोन गोल काढले, एक दोरा, एक छत्री. दोन मिनिटांचं काम. तुम्ही आणि देवाजी एवढं सुंदर काही करत होता आणि मी नुसता छापणारा. मलाही एक रेघ मारावीशी वाटली, गुरुजी. हे आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल करतो आहे. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, आणि ते अवलक्षण दुसऱ्याच्या कपाळी मारलं.

अंक निघाल्यावर देवाजी प्रेसमध्ये आला. त्याने पान बघितलं, मला बघितलं. मी म्हटलं, मी गुरुजींकडे जातो, पाय धरतो. तो म्हणाला, "तू काई जाऊ नोको. तुया घरात त्याची बहीन हाये. तुयं नाव निंगालं तर अंजनाचं माहेर तुटते. माया घरात हाये कोन? मले शिव्या देल्ल्यानं कोनाचं काई बिघडत नाई."

बिघडलं. त्याचा एकुलता एक दोस्त गेला. अकरा वर्षं तो संध्याकाळी ओट्यावर दोन खुर्च्या टाकायचा, एकीवर स्वतः बसायचा. मी समोरून सायकलने जायचो आणि दुसरीकडे बघायचो. दरवर्षी ठरवायचो, या मंडईला सांगीन. गेल्या वर्षी त्याची तब्येत बिघडली तेव्हा म्हटलं, आता तरी मला सांगू दे. तो म्हणाला, "तुले जमत नाई, प्रफुल. मी सांगनार नाई, मी कबूल केलं होतं. पन चित्र काढाले कोनाची बंदी हाये?" मला त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, आजारपणात माणूस काहीही बोलतो.

फुगे भरायचे की नाही तुम्ही ठरवा. पण न भरण्याचं कारण देवाजी असू नये. राग धरायचा तर माझ्यावर धरा. अंजनावर धरू नका.

हे पोस्टात टाकून येतो आणि मग अंजनाला सांगतो.

प्रफुल

ता. क. पोस्ट बंद होतं, म्हणून पाकीट उघडून लिहितो. अंजनाला सांगितलं. ती पटकन उठली. पदर तोंडाला लावून आत गेली, खांदे हलत होते. खूप रडत असावी.


गडचांदूर, २८ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रफुल जवाई,

जय भीम.

चारही पत्रे मिळाली. पहिल्या तिन्हींना उत्तर दिले नाही, कारण त्यांत उत्तर देण्यासारखे काही नव्हते. चौथ्यात आहे.

अंजना रडत नव्हती. ती हसत होती. तिने मला त्याच संध्याकाळी फोन केला, आणि दहा मिनिटे आम्ही दोघे बहीण-भाऊ नुसते हसलो.

जवाई, मी पंधरा वर्षे देवाजीच्या रेघेखाली शब्द लिहिले. त्याची रेघ मी अंधारात ओळखीन. त्याने काढलेला चष्मा नाकावर बसतो. तुम्ही काढलेला चष्मा म्हणजे सायकलची दोन चाके. सोळावा अंक हातात घेतला त्याच क्षणी मला कळले की हे प्रेसमधले काम आहे. छत्रीचा दांडा तर तुम्ही उलटा काढला होता.

मग मी देवाजीकडे का गेलो? त्याने माझ्यासोबत तुमच्यावर हसावे म्हणून. वाईट वाटले होते, पण दातांचे दुःख माणूस किती दिवस करणार? मी दारातच म्हटले, "देवाजी, हे कोनं केलं?" आणि तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, म्याच काढलं. ज्याच्या प्रत्येक चित्रातला माणूस मी बोलता केला, तो माझ्या तोंडावर खोटे बोलला. त्याचा मला राग होता. खरे काय ते तुम्हा दोघांपैकी एकाने येऊन सांगावे, एवढीच माझी अट होती. मी ती कोणाला सांगितली नाही. मास्तर असल्याने मला वाटले, प्रश्न न विचारताही उत्तर आले पाहिजे. ही माझी चूक. अंजनाच्या माहेरासाठी तो खोटे बोलला, हे मला तुमच्या पत्रातून आज कळले. ती दुसरी खुर्ची मला फार लागली, जवाई. मी यायला हवे होते.

आता एकतीसवे पान काढा. सापडले? माकडाच्या कानामागे जी काडी आहे तिला खालून टोक आहे आणि वरून रबर आहे. पोटावरचा डाग पाच बोटांचा आहे. शाईचे हात बनियनला पुसणारा माणूस मूलमध्ये एकच आहे. देवाजीने सांगितले नाही, शब्द पाळला. फक्त चित्र काढले. गावाने पहिल्या दिवशी ओळखले, रुखमाबाईने ओळखले, तिच्या नातीनेही ओळखले असेल. तुम्ही वाघ शोधत बसलात, माकड दिसले नाही.

ती काडी खरवडू नका. देवाजीच्या चित्राला पुन्हा हात लावलात तर वर्गाबाहेर उभे करीन.

सोबत भरलेली पाने. तुमची पेने चांगली चालतात. रुखमाबाईला सांगा, तिच्या तोंडी एकही शिवी नाही, फक्त तीन फुगे फुल्यांनी भरलेले आहेत. एक फुगा मी मोकळा सोडला आहे. एकतीस पान, माकडाचा. तो ज्याचा आहे त्याने भरावा.

मुखरू


मूल, ४ नोव्हेंबर २०२४

गुरुजी,

पत्र वाचून मी दोरीवरचं एकतीसवं पान काढलं आणि आरशासमोर जाऊन उभा राहिलो. एकदा माकड, एकदा मी. मागे अंजना भिंतीला टेकून बसली आणि तिला पाणी आणून द्यावं लागलं, इतकी हसली. देवाजीने माझे कान थोडे मोठे काढले आहेत, एवढी एकच तक्रार. बाकी हुबेहूब. महिनाभर मी तेच पान गावाला हौसेने दाखवत होतो.

मग मला फार बरं वाटलं, गुरुजी. अकरा वर्षं छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी हसत हसत उचलून नेला.

तुमचे फुगे वाचले. पोचू बोलायला लागला. अस्वलापुढे तो म्हणतो ते वाचून मशीनवरचा कागद अडकला तरी मला कळलं नाही.

माकडाचा फुगा भरला. प्लेट चढली, दोन हजार प्रती सुकत घातल्या आहेत, आता मागे फिरता येत नाही. मूल, सावली, सिंदेवाही, वडसा, जिथे जिथे पोचू जातो तिथे तिथे हे जाणार. माकड दोन्ही हातांनी कवळी पुढे करून म्हणतं:

"घ्या गुरुजी, तुमचे दात. चोरले म्याच होते. देवाजीनं नाई."

दहा तारखेला सकाळच्या एसटीने या. देवाजीच्या ओट्यावर दोन्ही खुर्च्या टाकून ठेवतो. एकीवर तुम्ही बसा, दुसरीवर अंकांचा गठ्ठा ठेवू, तिथूनच विकू. मी खाली पायरीवर बसेन.

आज सकाळी लाजेने मी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली होती. अंजनाने ती खिशातून काढली, पुन्हा कानावर खोचली आणि म्हणाली, "मंडई होईपर्यंत अशीच राहू द्या. पोरं वाघ शोधून झाले का तुमाले शोधाले येतीन."

प्रफुल